वर्गणी

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून उठून बसले. कारण इतकं क्षुल्लक आहे की कुणाला फोन करून सांगायला गेले तर सांगता सांगताच ते विरून जाईल. म्हणून लिहितेय.

आज दुपारी वर्गणीचं पाकीट फिरलं. मॅडम महिनाअखेरीस निवृत्त होताहेत, त्यांच्या भेटीसाठी. खाकी पाकीट, त्यावर नावांची यादी, पैसे दिले की नावापुढे खूण. पाकीट माझ्या डावीकडच्या टेबलावर आलं, तिथे खूण झाली, आणि मग पाकीट फिरवणारी मुलगी ते घेऊन माझ्या पाठीमागून सरळ उजवीकडच्या टेबलाशी गेली. माझ्याकडे थांबलीच नाही. मी स्क्रीनकडे बघत होते, पण पर्सची चेन अर्धी उघडून झाली होती.

नंतर प्रिंटरपाशी तिचंच बोलणं कानावर पडलं. "तिला नको विचारूस गं, उगाच अवघडल्यासारखं होईल तिला. कार्डावर नाव घातलंय मी तिचं."

एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. टोमणा असता तर मी घरी येईपर्यंत विसरलेही असते. चिक्कू, कंजूष, पैशाला पैसा लावणारी, हे सगळं तोंडावर ऐकून झालंय आणि त्यावर माझ्याकडे उत्तरं आहेत. पण मला त्रास होऊ नये म्हणून मला वगळलं, वर माझं नावही घातलं, यावर काय उत्तर देणार? जेवताना तेच, भांडी घासताना तेच. त्यांनी मला विचारलं नाही.

आणि तेही मॅडमच्या वेळी. मॅडमचा निवृत्तीचा तक्ता मी करून दिलाय. तीन संध्याकाळ आम्ही दोघी बसलो होतो. पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च शेअरमध्ये ठेवू नका, हे मी त्यांना कागदावर काढून समजावलं होतं. निवृत्तीनंतर लगेच बाजार पडला आणि त्याच पडत्या भावात विकून घर चालवावं लागलं, तर पुढे बाजार वर आला तरी विकलेलं परत येत नाही. तीच पडझड पंधरा वर्षांनी आली तर फारसं बिघडत नाही. म्हणजे सरासरी परतावा तोच, नुसता क्रम बदलला की सगळं बदलतं. मॅडम बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं." इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं. आणि पाकीट माझ्या मागून गेलं.

हे लिहिताना डोळे भरून आले, ते का ते मला कळत नाही. पैसे वाचले की माझे.

सात वर्षांपूर्वी माझा स्वतःचा तक्ता पहिल्यांदा मांडला ती रात्र आठवते. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली मांडलेला हिशेब त्याच सुमारास कळला होता. पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढायचे, पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. त्यांनी तपासलेल्या अमेरिकेच्या इतिहासात, अगदी वाईट काळात निवृत्त झालेल्यालाही साठा तीस वर्षं पुरला असता. शंभर भागिले चार म्हणजे पंचवीस. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट साठलं की नोकरीतून सुटका.

पण मला झपाटलं ते त्याच्या पुढच्या गणिताने. पगार किती, हा प्रश्नच त्यात नव्हता. पगारातला कितवा हिस्सा मागे पडतो, एवढंच. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तर १० टक्के वाचवणाऱ्याला एक्कावन्न वर्षं लागतात, निम्मे वाचवणाऱ्याला साधारण सतरा, आणि ६० टक्के वाचवणाऱ्याला साडेबारा. कारण कमी केलेला खर्च दोन्ही बाजूंनी काम करतो. साठा वाढवतो आणि गाठायचा आकडाही खाली आणतो. मी एकतिसाव्या वर्षी ६० टक्क्यांवर बोट ठेवलं. त्या रात्रीसुद्धा झोप लागली नव्हती, पण ती आनंदाने.

आज बारापट झालंय. सात वर्षांत जवळपास अर्धं. उरलेल्या अर्ध्याला साडेपाचच वर्षं लागतील, कारण आता साठलेला पैसाही माझ्या बरोबरीने राबतो. हे वाक्य मी अवघड दिवशी स्वतःला म्हणून दाखवते. आज म्हटलं, काही उपयोग झाला नाही.

(बेंगेनचे ते तीस वर्षांचे, मला पन्नास काढायची आहेत, हा किडा वेगळाच. ३ टक्केच काढायचे म्हटलं तर तेहतीसपट लागतात आणि जवळजवळ तीन वर्षं वाढतात. गेल्या महिन्यात मी ठरवत होते की ती तीन वर्षं आणखी हात आखडून भरून काढायची. दादाला हे बोलले तेव्हा तो गप्पच बसला. तो विषय आज नको.)

मघाशी तक्ता उघडला. मॅडमची वर्गणी खर्चात घातली आणि शेवटची तारीख पाहिली. हलली नाही. एक दिवससुद्धा नाही.

मग बसलेच. सात वर्षांत ज्या ज्या गोष्टींना नाही म्हटलं त्या आठवतील तशा घालत गेले. निरोपाच्या वर्गण्या, वाढदिवसांच्या, कुणाच्या बाळाच्या, तीन सहली, धाकटीच्या नव्या घराची भेट जी मी 'नंतर देते' म्हणाले आणि दिली नाही. रकमा थोड्या चढ्याच धरल्या. तारीख पुढे गेली तीन आठवड्यांनी.

साडेबारा वर्षांतले तीन आठवडे.

माझे ६० टक्के या नकारांवर उभे नाहीतच. ते उभे आहेत या लहान घरावर, गाडी न घेण्यावर, आणि पगार वाढला तरी राहणी तिथेच ठेवण्यावर. हे तीन निर्णय पहिल्या दोन वर्षांतच घेऊन झाले होते. त्यांनी कुणाचंच मन दुखावलं नाही, कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. लोकांच्या लक्षात राहिले ते दुसरेच नकार, ज्यांची किंमत सगळी मिळून तीन आठवडे.

चूक कुठे झाली तेही आता दिसतंय. तीनशेचा आकडा. दरमहा होणारा खर्च कायमचा बंद केला की लक्ष्य त्याच्या तीनशेपट खाली येतं. बारा महिने गुणिले पंचवीस. हे खरं आहे आणि त्यानेच मला इथवर आणलं. पण तो गुणाकार दर महिन्याला येणाऱ्या खर्चासाठी आहे. मॅडम एकदाच निवृत्त होणार आहेत. धाकटीने घर एकदाच घेतलं. मी मात्र समोर येईल त्याला तीनशेने गुणत राहिले, आणि तीनशेने गुणल्यावर प्रत्येक माणूस महागच वाटतो.

त्यांनी मला का विचारलं नाही, या प्रश्नाचं उत्तर खरं तर मला दुपारीच माहीत होतं. लिहायचं टाळत होते. मीच सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी हीच मुलगी नवी होती, असंच पाकीट घेऊन माझ्या टेबलापाशी आली होती. मी तिला म्हटलं होतं, "मला यात धरू नकोस. याच्यात नाही आणि पुढेही नाही." आवाज चढवला नव्हता, नीट समजावून सांगितलं होतं. ती "बरं ताई" म्हणाली. त्या दिवशी घरी येताना मला किती हलकं वाटलं होतं! आता दर वेळी कारणं शोधायला नकोत म्हणून.

तिने माझं ऐकलं. चार वर्षं लक्षात ठेवलं, आणि कार्डावर माझं नाव राहून जाऊ नये हेही बघितलं. हिच्यावर मी दुपारपासून रागावून बसले होते.

आता राग नाही. तिच्यावर नाही, माझ्यावरही फारसा नाही. तेव्हा मला ठाम नाही म्हणता येणं फार गरजेचं होतं. घरातली ती दोन वर्षं तशीच होती, एकदा सैल सोडलं असतं तर सगळंच सुटलं असतं अशी भीती वाटायची. तक्ता बंद करणार नाही. पंचवीसपट मला हवंच आहे, त्यावर माझा विश्वास उद्या सकाळीही असेल. नाही म्हणायचं स्वातंत्र्य मिळावं म्हणून मी हे सगळं करतेय, असं मी मॅडमना म्हणाले होते. तेव्हा त्यांनी मान हलवली होती. पण कुणी विचारलंच नाही तर नाही तरी कुणाला म्हणणार, हे मी आज दिवसभर घोळवतेय आणि अजून ते संपत नाहीये.

पैसे काढून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेत. उद्या ती आली की मीच तिच्या टेबलापाशी जाईन. पाकीट बंद झालं असेल तर उघडायला सांगेन. धाकटीला फोन रविवारी, ती घरी असते तेव्हा.

आणि कार्ड एकदा हातात घ्यायचंय. माझं नाव तिच्या अक्षरात आहे, ते राहू दे. त्याखाली जागा असेल तर मॅडमना दोन ओळी माझ्या हाताने लिहायच्यात. काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. दीड वाजला.