नुसती ‘आवश्यकतेनुसार उपचार’ म्हणून सही करू नका

मुलांच्या किडलेल्या दातांचं फ्लोराइड वार्निश (कीड रोखणारा लेप), छोट्या खड्ड्यातलं सिमेंट वगैरे पटकन उरकतं. गाडी अडली ती उपचाराआधी पालकांनी सही करायच्या संमतीपत्रावर. छापील ओळ होती, ‘दुधाच्या दातांवर आवश्यकतेनुसार उपचार’. कोणता दात, कोणता उपचार, काही नाही. सहीची रेघ मात्र ठळक. अजून चीड येते.

दाताचा नंबर लिहूनच घ्या. 75 म्हणजे खालची डावी दुसरी दुधाची दाढ, 74 तिच्या पुढची. कीड बहुधा या दोघींच्या फटीत लपते, आरशात दिसत नाही. त्यासाठी बाइटविंग एक्स-रे (चावून धरून काढतात, दाढांमधल्या फटी दिसतात) लागतो.

नसेपर्यंत कीड गेली असेल तर पल्पोटॉमी की पल्पेक्टॉमी, हेही कागदावर हवं. पहिलीत दाढेच्या वरच्या भागातलीच नस काढतात, मुळांतली जिवंत ठेवतात. दुसरीत मुळंही साफ करून विरघळणारी पेस्ट भरतात, कारण पक्का दात येताना दुधाच्या दाताची मुळं झिजायला हवीत. गोड खाल्ल्यावर कळ येऊन लगेच थांबत असेल तर नस वाचण्याची आशा असते. रात्री झोपेतून उठवणारा ठणका किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल तर पल्पोटॉमीचा हट्ट नको. खरा निकाल दाढ उघडल्यावरच लागतो: कापसाचा ओला बोळा दाबूनही मुळांच्या तोंडाशी रक्त काही मिनिटांत थांबलं नाही, तर बेत बदलतो. म्हणून दोन्ही शक्यता आधीच लिहून घ्या. मूल तोंड उघडून बसलेलं असताना बाहेर येऊन विचारणा नको.

‘दुधाची दाढ, पडणारच’ हे ऐकून घेऊ नका. मूल 9 ते 12 वर्षांचं होईपर्यंत ती टिकते. आधीच काढली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते. म्हणून काढायचीच झाली तर जागा राखणाऱ्या तारेचं विचारा.

नस शाबूत असेल आणि मूल इंजेक्शनला घाबरत असेल तर न कोरता स्टीलची कॅप बसवता येते. त्याआधी काही दिवस फटीत रबराच्या रिंगा घालतात. सुरुवातीला चावा उंच लागतो, काही आठवड्यांत बसतो. 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (दाताला लावायचं द्रव औषध) हेही कीड थोपवतं, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. कपड्यांवर सांडलं तर डाग जात नाही.

आणि हो, इंजेक्शन दिलंच तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. तेवढा वेळ नजर ठेवा, मुलं ओठ चावून सुजवतात.