मॅडम, मग तुम्ही कोण?

शुक्रवार, रात्री

आज तिसऱ्या वर्षाला सुंदरांबल खटला घेतला. सतरा वर्षं कामगार कायदा शिकवतेय, तरी या तासाला वर्गापेक्षा मीच जास्त अवघडते.

गोव्यातल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली, त्याचा हा खटला. १९७८च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने औद्योगिक विवाद कायद्यातला 'उद्योग' हा शब्द इतका ऐसपैस केला होता की शाळा-कॉलेजंही त्यात बसली. म्हणजे शाळा उद्योग. पण १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शिक्षक 'कामगार' नव्हे, म्हणजे नोकरी गेली तर त्या कायद्याखाली दाद नाही. शिकवणं अंगमेहनतीचं नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही, ते उदात्त कार्य. शिपाई कामगार, क्लार्क कामगार, आम्ही तेवढे उदात्त. मागच्या बाकावरून आलंच, "मॅडम, मग तुम्ही कोण?" वर्ग हसला. मीही.

कॉलेजात येण्याआधी सहा वर्षं कामगार न्यायालयात काढली. सिनियर सांगायचे, पदनामावर जाऊ नकोस, दिवसभर हात कशात असतात ते विचार. 'सुपरवायझर आहे, कामगार नाही' म्हणून काढलेल्या एकाची कोर्टातली साक्ष अजून आठवते. रजा कोण मंजूर करतं? मॅनेजर. मेमो कोण देतं? मॅनेजर. मग तुम्ही काय करता? "मशीनला तेल घालतो, पोती मोजून गाडीत चढवतो." त्या एका उत्तराने मला जितका कायदा शिकवला तितका पीएचडीने नाही शिकवला.

२१ नोव्हेंबर २०२५ला जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि माझ्या निम्म्या नोट्स रद्दीत गेल्या. तोंडपाठ कलमांचे आकडे बदलले, त्याचा राग अजून आहे. 'कामगार'च्या नव्या व्याख्येत पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी नाव घेऊन आलेत, शिक्षक नाही. ग्रॅच्युइटीतही २००४मध्ये शिक्षकांना असंच बाहेर ठेवलं होतं. २००९मध्ये संसदेने दुरुस्ती करून, तीही १९९७पासून लागू करून, आत घेतलं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

दुपारी स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक पैसे मिळणारा, आमचा तरुण सहकारी बिल भरत बसला होता. कंत्राटी कामगारांचा पेपर तोच शिकवतो. दर जूनमध्ये नवी मुलाखत, नवं पत्र. माझीही पहिली चार वर्षं अशीच गेली, दुसऱ्या एका कॉलेजात. मे महिन्याचे पैसे कधी मिळाले नाहीत.

"काय रे, दिवसभर हात कशात असतात?" मी विचारलं.

बिलावरून नजर न काढता म्हणाला, "सध्या बेरजेत, मॅडम."