तासाचे किती पडतात?

जानेवारीत पुतण्याने फोनवर विचारले, "काका, तिकडे साफसफाई करणाऱ्यालासुद्धा महिना पावणेदोन लाख मिळतात, हे खरं का?" तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत मशिनवर काम करतो. मीही नऊ वर्षे चाकणलाच काढली. गेली सहा वर्षे मी स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेन या गावी, यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभालीचे काम करतो आहे. त्याच्या प्रश्नाला नुसते "हो" म्हटले असते, तर ते अर्धेच खरे ठरले असते. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी वही-पेन घेऊन फोनवरच हिशेब मांडला. परदेशातल्या पगाराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते, पण तीत तासांचा विषय क्वचितच निघतो, म्हणून तो हिशेब इथे लिहून ठेवतो आहे.

जर्मनीत किमान वेतन मुळातच ताशी ठरते. 2015 मध्ये ते प्रथम लागू झाले तेव्हा 8.50 युरो होते आणि 1 जानेवारी 2026 पासून ते 13.90 युरो आहे. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याचे सुमारे 173 तास होतात आणि पगार 2,400 युरोंच्या आसपास जातो. त्यातून आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा आणि प्राप्तिकर कापून एकट्या माणसाच्या हाती साधारण 1,700 युरो पडतात. युरोला शंभर रुपये धरले, तर हे झाले एक लाख सत्तर हजार. पुतण्याला चाकणला 18,000 मिळतात. म्हणजे साडेनऊ पटींचा फरक, आणि गावाकडे हाच आकडा सांगितला जातो.

पण ते 1,700 युरो खर्च होतात जर्मनीतच. मी इथे केस कापायला 22 युरो देतो, चाकणला शंभर रुपयांत काम होते. दुधात मात्र तेवढा फरक नाही, लिटरला एक युरोहून थोडे जास्त पडते. अशा सगळ्या वस्तू आणि सेवा एकत्र धरून दोन देशांतल्या किमतींची तुलना करतात, तेव्हा इथल्या एका युरोची खरेदीची ताकद भारतातल्या साधारण तीस रुपयांइतकी येते. त्या मापाने 1,700 युरो म्हणजे 51,000 रुपये, आणि साडेनऊ पटींचा फरक तीन पटींच्याही खाली येतो. पुतण्या म्हणाला, "मग एवढ्यासाठी घरदार सोडून कशाला जायचं?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण तासांचा हिशेब अजून व्हायचा होता.

तो रोज बारा तास, महिन्याचे 26 दिवस भरतो, म्हणजे 312 तास. अठरा हजारांना 312 ने भागले की तासाला 57 रुपये 70 पैसे येतात. इथल्या 51,000 ला 173 ने भागले, तर 295 रुपये. पगारात तीन पटींच्या आत आलेला फरक तासावर पुन्हा पाच पटींवर गेला. शिवाय इथल्या 173 तासांत भरपगारी रजा आलेली आहे. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस रजा द्यावीच लागते, आणि माणूस आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो.

मग मी त्याला पगाराची स्लिप वाचून दाखवायला सांगितली. आठ तासांच्या ड्युटीचे 13,000 आणि ‘ओटी’चे 5,000, असे तिच्यावर होते. 1948 च्या कारखाने कायद्यात जादा तासांना दुप्पट दर होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही आठवड्याची 48 तासांची मर्यादा आणि दुप्पट दर कायम आहे. रोजचे चार तास जादा आणि दर दुप्पट, म्हणजे ते चार तास मोबदल्याच्या हिशेबात आठ तासांइतके झाले. याचा सरळ अर्थ असा की बारा तासांच्या ड्युटीचा पगार आठ तासांच्या पगाराच्या बरोबर दुप्पट व्हायला हवा. त्याला 26,000 मिळायला हवे होते. महिन्याला आठ हजारांचा हा फरक त्याला त्या रविवारपर्यंत कोणी सांगितला नव्हता, आणि तो जर्मनीशी तुलना करून निघालेला नाही, आपल्याच कायद्याने निघालेला आहे. या गोष्टीने मला रात्रभर झोप लागली नाही.

महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये जादा कामाची तिमाही मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. पुतण्याचे जादा तास तिमाहीला 312 होतात. मर्यादा कितीही वाढवली, तरी प्रत्यक्षातले तास तिच्या पलीकडेच राहणार असतील, तर प्रश्न मर्यादेचा राहत नाही, तास मोजतो कोण याचा होतो.

इथे माझ्या कारखान्याच्या दारावर चकती टेकवली की वेळ नोंदली जाते आणि माझ्या खात्यावरचे जादा तास मला स्वतःला दिसतात. कामाचे तास नोंदवणे मालकावर बंधनकारक आहे, असे जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. एकदा एका यंत्राचा स्पिंडल उघडून बसलो होतो. सकाळी सहाला आलो होतो, आणि पावणेपाचला आमचा माइस्टर, म्हणजे विभागप्रमुख, येऊन म्हणाला की तुझे दहा तास भरले, हात धुऊन घरी जा. स्पिंडल तसाच उघडा होता. तो दुसऱ्या पाळीतल्या माणसाने पूर्ण केला. चाकणला मी असे काम टाकून गेलो असतो, तर मला स्वतःलाच ते अपराधासारखे वाटले असते.

हे इथेही आपोआप आलेले नाही. आमच्या धातुउद्योगातला 35 तासांचा आठवडा 1984 च्या संपातून सुरू झाला आणि प्रत्यक्ष 35 तासांपर्यंत यायला 1995 उजाडले. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी. 1922 मध्ये आपल्याकडे आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली, 1934 मध्ये ती 54 झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास 48. पुतण्याचा आठवडा आज 72 तासांचा आहे, म्हणजे 1922 च्या कायद्यालाही तो मान्य झाला नसता.

त्याने नोकरी सोडलेली नाही आणि कंत्राटदाराशी भांडणही केलेले नाही. घरी दोन लहान मुले आहेत, तेव्हा तसा सल्ला मीही दिला नाही. फेब्रुवारीपासून मात्र तो फाटकावरच्या आत-बाहेरच्या वेळा खिशातल्या डायरीत लिहितो. परवा त्याने त्या पानाचा फोटो पाठवला. बॉलपेनने रेघा ओढलेल्या होत्या आणि खाली बेरीज होती, 24 दिवस, 291 तास.