तुटपुंज्या पैशांत आठवडा: आधी शेवटचे दोन दिवस

माझा अनुभव असा, की हातात मोजकेच पैसे असले की आठवडा पाचव्या दिवशी मोडतो. धान्य तोवर शिल्लक असतं, पण तेल तळाला गेलेलं असतं, भाजी उरलेली नसते आणि कडधान्य भिजत घालायचं राहून गेलेलं असतं. मग लहान पुड्यांची महागडी खरेदी सुरू होते आणि पुढच्या आठवड्याचे पैसे त्यात जातात. म्हणून मी यादी सहाव्या आणि सातव्या दिवसापासून लिहायला घेतो. त्या दोन दिवसांचं सामान घरी आल्याबरोबर वेगळ्या डब्यात जातं आणि त्याला मधल्या दिवसांत हात लावायचा नाही.

त्याआधी एक आठवडा नुसतं मोजावं लागतं. नेहमीसारखंच रांधायचं, पण तांदूळ, पीठ, डाळ आणि तेल भांड्यात पडण्याआधी किती घेतलं ते लिहून ठेवायचं. वजनकाटा नसला तर एकच वाटी ठरवून घ्यावी. २०० मिलीच्या वाटीत तांदूळ किंवा डाळ साधारण १७० ग्रॅम बसते, पीठ सैल भरलं तर ११० ते १२० ग्रॅम. टाकून दिलेलं अन्नही लिहायचं. कुठे हात सैल सुटतो ते या वहीतच दिसतं, अंदाजाने ते कधीच कळत नाही.

मग भावाची तुलना. किलोचा भाव फसवा असतो, कारण एक किलो कोबी आणि एक किलो तांदूळ पोटात सारखं काम करत नाहीत. मी दोन हिशेब करतो. पहिला, १००० कॅलरी मिळायला किती पैसे पडतात: त्यासाठी तांदूळ किंवा डाळ सुमारे २९० ग्रॅम लागते, तेल १२० मिली, बटाटे १.३ किलो, अंडी १४, कोबी तर ४ किलो. दुसरा, १० ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात: डाळ ४२ ग्रॅम, शेंगदाणे ४० ग्रॅम, हरभरे ५० ग्रॅम, गव्हाचं पीठ ८५ ग्रॅम, दूध ३०० मिली, अंडी पावणेदोन. आपल्याकडचा भाव या वजनांना लावला की कागदावर क्रम उभा राहतो. फेकला जाणारा भाग आधी वजा करायचा. शेंगेतल्या मटाराचे दाणे शेंगांच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरतात.

दोन मोठी माणसं आणि शाळेच्या वयाची दोन मुलं धरली तर दिवसाला सुमारे ७,००० कॅलरी लागतात, आठवड्याला ४९,०००. त्यासाठी माझं माप असं बसतं: तांदूळ आणि पीठ मिळून ९ किलो, डाळी आणि कडधान्यं सव्वादोन किलो, तेल ७५० मिली, बटाटे २ किलो, कांद्यासह भाजी ४ किलो, शेंगदाणे ३०० ग्रॅम, अंडी १४, साखर पाव किलो. यातून ५१,००० च्या आसपास कॅलरी मिळतात; वरची थोडी ताटात आणि भांड्याला राहिलेल्याची सोय. प्रथिनं १,५०० ग्रॅमच्या वर जातात. मोठ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम लागतात, तेव्हा गरज सहज भागते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र धान्य-डाळीत नसतं आणि दिवसाला अर्धं अंडं त्याला पुरत नाही. अंडी, दूध परवडतच नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. हा खर्च मी अन्नाच्याच रकान्यात धरतो.

राखीव डब्यात अडीच किलो धान्य, ६५० ग्रॅम डाळ, २१० मिली तेल आणि चार अंडी जातात. त्याखेरीज एक किलो बटाटे, कांदे आणि एक घट्ट कोबी. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, मग टोमॅटो-वांग्यासारख्या भाज्या, मग गाजर, शेवटी कोबी. बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नयेत, बटाट्यांना मोड लवकर येतात. बटाटा उजेडात हिरवा पडला तर तो भाग जाड कापून टाकावा. चव कडू लागली तर सगळाच टाकावा.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं. काटकसर म्हटली की पहिली कात्री तेलाला लागते. पण बहुतेक वेळा तेलाच्या कॅलरीच सर्वांत स्वस्त असतात आणि लहान मुलांचं पोट लहान असतं. पातळ, पाणीदार डाळीने ते पोट भरतं, पण तासाभरात पुन्हा भूक लागते. मी डाळ घट्ट ठेवतो आणि मुलांच्या वाटीत तेलाचा चमचा वरून घालतो. १५ मिलीत सुमारे १२० कॅलरी असतात. तेल कमी करायचं नाही, पण मोठ्या बाटलीतून थेट ओतायचंही नाही. ७५० मिलीचे सात भाग केले की रोजचे सुमारे १०५ मिली येतात. तेवढं सकाळी लहान बाटलीत काढायचं आणि दिवस त्यात भागवायचा.

कडधान्य स्वस्त पडतं, पण नीट शिजलं नाही तर इंधनाने ती बचत खाऊन टाकलेली असते. अर्धा किलो कडधान्य दीड लिटर पाण्यात ८ ते १२ तास भिजवावं. शिजल्यावर ते सव्वा किलोच्या आसपास भरतं. फ्रिज असेल तर तीन-चार दिवसांचं एकदम शिजवून ठेवता येतं. नसेल तर रोज शंभर-सव्वाशे ग्रॅमच भिजवावं आणि काही भागाला मोड आणावेत. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढतं.

तासन्‌तास उकळूनही दाणा टणक राहिला तर कारणं तीन. दमट, उबदार जागी साठवलेला जुना माल, जड पाणी, किंवा चिंच-टोमॅटोची आंबट चव आधीच घातलेली. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावरच. जड पाण्यात अर्ध्या किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो. जास्त घातला तर कडधान्य बुळबुळीत होतं आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. मिठाने दाणा कडक होतो ही समजूत चुकीची आहे, उलट भिजवतानाच्या पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ पडते.

राजम्याचं वेगळं आहे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात जोरदार उलट्या घडवणारं विष असतं. भिजवलेलं पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळ उकळायचा, मग हवं तर मंद आचेवर ठेवायचा. इंधन वाचवायला सुरुवातीपासून मंद आचेवर टाकलेला राजमा धोक्याचा असतो.

उरलेल्या भाताचंही तसंच. शिजलेला भात तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. तासन्‌तास बाहेर राहिलेला भात कढत केल्याने सुरक्षित होत नाही, कारण त्यात तयार झालेलं विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणूनच वही पाहून भाताचं माप जमवणं हे उरलेलं वापरण्यापेक्षा जास्त कामाचं.

डाळीतलं लोह अंगी लागायचं तर जेवणात लिंबाचे चार थेंब, कच्चा कोबी किंवा मोड असावेत आणि चहा तासभर लांब ठेवावा. याला वेगळा खर्च जवळपास काही नाही.

हे सगळं जमलं की घाऊक खरेदीचा प्रश्न येतो. मोठं पोतं स्वस्त असतं, पण एका आठवड्याच्या पैशांत ते बसत नाही. मी दर आठवड्याला खर्चाचा विसावा भाग बाजूला काढतो आणि त्यातून एका वेळी एकच जिन्नस मोठ्या मापात घेतो: आधी तांदूळ, मग डाळ, मग तेल. तांदळात झालेली बचत त्याच बाजूला काढलेल्या पैशांत परत टाकली की डाळीची पाळी लवकर येते. पीठ असं साठवू नये, उन्हाळ्यात महिनाभरात खवट होतं. शेंगदाणेही थोडेच घ्यावेत. बुरशी दिसली किंवा दाणा कडू लागला तर ते टाकून द्यावेत. भाजल्याने बुरशीचं विष पूर्ण जात नाही. डबा पूर्ण कोरडा करूनच भरावा, आणि जुना माल संपल्याखेरीज नवा त्यावर ओतू नये.