तुम्ही विचारलंत म्हणून: आत भुसा भरता का?

टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं टिकवून ते जिवंत दिसेल असं बसवायचं काम, करतो म्हटलं की सोलापुरात दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "आत भुसा भरता का हो?" आणि दुसरा कॉलेजच्या पोरांचा, "दादा, अमेरिकेतले व्हिडिओ बघायलोय, हरणाचं कातडं फॉर्मवर कसं बसवतात ते मला बी शिकवा की." दोन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

भुसा भरत नाही. काहीच भरत नाही. आत असतो तो फॉर्म, म्हणजे कातडं काढल्यावर त्या जनावराचं जे शरीर दिसतं, गालफड, मानेचे स्नायू, डोळ्याच्या खोबणीची कड, ते सगळं जसंच्या तसं घडवलेलं. शिकारीच्या जमान्यात म्हैसूरचे नावाजलेले टॅक्सिडर्मीवाले वॅन इंगेन कागदाच्या लगद्याचे फॉर्म करायचे, आता पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे असतात. कमावलेलं कातडं त्याच्यावर चढवायचं, चिकटवायचं, शिवायचं.

आता हरणाचं. अमेरिकेत परवाना काढून सीझनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते, त्यामुळे तिथला नवशिका त्याच्यावरच शिकतो आणि फॉर्म मापानुसार रेडीमेड मिळतो. आपल्याकडे तसं नाही, आणि हे मी प्रत्येक पोराला पहिल्यांदा सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, काळवीट, चिंकारा, चितळ सगळे त्यात येतात. शिकार तर सोडाच, इथे जवळच्या नान्नजच्या रस्त्यावर गाडीखाली मेलेलं काळवीट सापडलं तरी ते सरकारचं असतं, कलम ३९ वाचा. कातडं काय, शिंगसुद्धा घरी आणायचं नाही, सरळ वनखात्याला फोन करायचा. वन्यप्राण्यांचं काम कायदेशीर कसं होतं ते बघायचं असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात डॉ. संतोष गायकवाडांनी २००९ पासून उभं केलेलं टॅक्सिडर्मी सेंटर आहे, वनखात्याच्या परवानगीने, नैसर्गिकरीत्या मेलेल्या प्राण्यांवर.

मग शिकायचं कशावर? शेळीवर. आपल्याकडची उस्मानाबादी बघा, केस आखूड, बहुतेक काळीभोर, कान लोंबते, मान बारीक. हरणासारखंच रवंथ करणारं जनावर, आडवी बाहुली, वरचे पुढचे दात नाहीत. हरणाच्या डोळ्यापुढे एक गंधग्रंथीची खाच असते, ती फॉर्मच्या खाचेत नीट दाबून बसवावी लागते, शेळीला ती नसते, तेवढी एक पायरी कमी. बाकी ओठ, नाकपुड्या, पापण्या, सगळं तेच शिकायचं. खाटकाला मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मुंडी भाजून हातात येते. गळ्यावर कापलेली चीर असते ती आतून बारीक टाके घालून शिवायची, काळ्या केसात ती बऱ्यापैकी लपते.

खरी गोष्ट सांगायची तर अर्धं काम कातडं काढायच्या आधीच होतं. मापं. हरणात दोन मापं सगळ्यात महत्त्वाची धरतात, डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत, आणि कानांच्या लगेच मागे मानेचा घेर. अमेरिकेतल्या मोठ्या नराला साधारण ७ इंच आणि १८ इंच असा फॉर्म लागतो. शेळीचा रेडीमेड फॉर्म शोधत बसू नका, सोललेल्या मुंडीचा प्लास्टरचा साचा घ्या किंवा फोम कोरा, पण मापं तीच घ्या आणि वहीत लिहा. आपल्या शहरात निम्म्या महाराष्ट्राचे युनिफॉर्म शिवले जातात, तिथला कुठलाही मास्तर सांगेल की अंगात घट्ट होणारा शर्ट ओढून बसवायचा नसतो, कटिंग बदलायची असते. कातड्याचंही तेच, फॉर्म मोठा वाटला तर फॉर्म घासायचा, कातडं ताणायचं नाही. कारण ओलं कातडं ताणलं तर ताणतं, अगदी सहज ताणतं, आणि नवशिक्याला वाटतं बसलं की राव, पण वाळताना ते आक्रसतं आणि ओढ येते ती पापण्यांवर, ओठांवर आणि शिंगाच्या बुडाशी, म्हणजे नेमकं जिथे सगळे बघतात तिथे.

म्हणून आधी गोंद न लावता नुसतं चढवून बघायचं. डोळ्याची भोकं डोळ्यांवर, मग कान, मग नाक, आणि मानेवरच्या केसांची मधली रेघ सरळ, हे जुळलं की टाचण्या. जादा कातडं असेल तर ते मानेकडे सरकवायचं, तोंडाकडून मागे ओढायचं नाही. चेहऱ्याचं कातडं आतून रापीने (चांभाराची कातडं तासायची सुरी) पातळ केलेलं पाहिजे, नाहीतर नाकपुडीत दुमडत नाही. आणि फॉर्म खरखरीत पॉलिश पेपरने घासून घ्या, गुळगुळीत फोमला गोंद धरत नाही आणि मग जबडा-मान जिथे मिळते त्या खळग्यात कातडं सुटून ढोलासारखं तणतं.

डोळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मला ह्यातलं सगळ्यात आवडतं काम तेच. खोबणीत क्ले (मऊ चिकणमाती), त्यात काचेचा डोळा, मग पापणीची कड आत दुमडून क्लेवर टेकवायची. शेळीची बाहुली आडवी पट्टीसारखी असते आणि शेळीने चरायला मान खाली घातली तरी तिचा डोळा खोबणीत फिरतो आणि पट्टी जमिनीला समांतरच राहते. जिवंत शेळी चरताना बाजूला बसून बघा, दिसतं. त्यामुळे फॉर्मची मान कशीही वाकलेली असो, डोळा बसवताना पट्टी जमिनीशी जुळवायची, तोंडाच्या रेषेशी नाही. एवढ्या एका गोष्टीने मुंडी जिवंत दिसते किंवा मेलेली दिसते.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठक्क, काम करता करता कानाच्या कडा पापडासारख्या होतात. मी तरी ह्या दिवसांत रात्रीच काम करतो, पंखा बंद, आणि बसवून झालं की कान-ओठ-पापण्यांवर ओला कापूस आणि वरून प्लास्टिकची पिशवी. जाड मान आधी वाळू दे, पातळ कडा सगळ्यात शेवटी. दोन-तीन आठवडे तरी लागतात आणि पहिले काही दिवस रोज बघायचं, कुठे पापणी उचलली की लगेच बोटाने परत बसवायची, कारण कातडं कडक झालं की ते ऐकत नाही.

पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढू नका आणि नाकाला रंग लावू नका. पहिली मुंडी झाली की मला तीन फोटो पाठवा, समोरून, वरून आणि डोळ्याचा जवळून. वरचा लागतोच, कान एका रेषेत आहेत का ते समोरून कळत नाही.