बॅटिंगची कात्रणं

कोल्हापूर, रविवार. घटस्थापना जवळ आली.

गावभर अंथरूण-पांघरूण धुवायला निघालंय, पंचगंगेच्या घाटावर वाकळा वाळत पडल्यात. हे धुणं आटोपलं की थंडीच्या आत नव्या गोधड्या शिवून व्हायला हव्यात, आणि त्या शिवताना कात्रणं पडणारच. बॅटिंग, म्हणजे गोधडीच्या दोन कापडांमधला मऊ भरणाचा थर, वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवावं लागतं, कारण टाके पडत जातात तसं कापड आत ओढलं जातं. 60 बाय 90 इंचांच्या एका गोधडीमागे कडेची दोन इंची पट्टी जवळजवळ साडेसात मीटर निघते. नवा कोरा माल असतो हा. केराच्या गाडीत गेलेला बघवत नाही.

पण कात्रणांचं काय करायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कात्रण कशाचं आहे? सुती आणि पॉलिस्टर एकाच पोत्यात कोंबलं की पुढचं सगळं बिघडतं. हाताला कळलं नाही तर चिमट्यात बोटभर तुकडा धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. सुती जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर काळा टणक मणी उरतो. राखही पडली आणि मणीही राहिला तर माल मिश्र आहे. तो पॉलिस्टरच्याच पिशवीत टाकावा.

विस्तवाजवळ फक्त शुद्ध सुती. पॉलिस्टर साधारण 250 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, मऊ त्याआधीच पडतं, आणि भाकरीचा तवा तिथवर सहज तापतो. भांडी उतरवायच्या फडक्यासाठी आठ इंची चौकोनात सुती बॅटिंगचे दोन थर घालावेत. बाहेरून इचलकरंजीचा मांजरपाट चालतो, पण आधी धुऊन आटवलेला. बॅटिंग कापडापेक्षा अर्धा इंच लहान कापलं की कोपरे जाड होत नाहीत. इंच-इंचावर तिरके टाके, दोराही सुतीच. फडकं ओलं असताना मात्र तापलेलं भांडं धरायचं नाही. कोरड्या थरात अडकलेली हवा उष्णता अडवते, पाणी ती सरळ हातापर्यंत आणतं.

कडेच्या लांब पट्ट्यांना चुंबळीसारखं दुसरं काम नाही. आतलं भोक साडेचार इंच आणि वळकटी दीड इंच जाड धरली तर मधल्या रेषेचा घेर 19 इंच होतो. पट्ट्या 21 इंच लांब कापायच्या, म्हणजे जोडाला दोन इंच मिळतात. चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवून पिळ न देता गोल वळायच्या आणि दर तीन इंचांवर दोऱ्याने बांधायच्या. पिळ दिला की वळकटी कडक होते आणि भांडं डुगडुगतं. दोन्ही टोकं तिरकी छाटून एकमेकांवर बसवली तर जोडाला गाठ येत नाही. वर जुन्या सुती साडीची दीड इंची पट्टी निम्मी-निम्मी चढवत गुंडाळायची, साधारण पावणेचार मीटर लागते. आतल्या बाजूला वेढे दाटतात, बाहेर फाकतात. म्हणून पट्टी बाहेरच्या कडेवर मोजून चढवावी, नाहीतर आतलं बॅटिंग उघडं पडतं.

रश्श्याचं पातेलं चुलीवरून थेट चुंबळीवर येणार असेल तर आत-बाहेर सगळं सुती. माठाखाली मात्र उलटं. माठ पाझरतो, सुती भरण पाणी धरून ठेवतं आणि चारच दिवसांत काळे ठिपके पडतात. तिथे आत पॉलिस्टर घालावं, त्यातून पाणी निथळून जातं. दोन चुंबळी करून आलटून-पालटून उन्हात टाकल्या की माठाची सोय झाली.

रुंद तुकडे जोडून दुपट्याला पुरेसं बॅटिंग होतं. सुतीला सुती, पॉलिस्टरला पॉलिस्टर, जाडीही सारखी. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, पॉलिस्टर जवळपास नाहीच, त्यामुळे मिश्र जोडाला धुतल्यावर सुरकुत्या येतात. दोन तुकड्यांच्या कडा एकमेकांवर तीन इंच चढवून दोन्हींतून एकदमच नागमोडी काप घ्यायचा, वरची-खालची धांदोटी काढायची, मग कडा कडेला बरोबर भिडतात. सरळ जोडावर गोधडी नेहमी तिथेच दुमडते, नागमोडीवर दुमडत नाही.

मशीनला झिगझॅग टीप असेल तर पाच मिलिमीटर रुंद, अडीच-तीन लांब. दोरा ताणायचा नाही. ताणला की कडा उभ्या राहतात आणि वरून बोटाला वरंबा लागतो. घरच्या काळ्या मशीनला झिगझॅग नसतो. मग जोडाखाली इंचभर मलमलीची पट्टी ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक सरळ टीप मारावी. तंतू पायात अडकत असतील तर वर बटर पेपर धरावा, वर्तमानपत्राची शाई लागते. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवून घ्यावेत, चार सांधे एका ठिकाणी आले की तिथे गठ्ठा होतो. वरून टाके जोडाला आडवे, दोन ते तीन इंचांवर.

सहा इंची चौकोन मशीनच्या दोऱ्याचा ताण तपासायला ठेवावेत. ज्या मालाची गोधडी, त्याच मालाचा चौकोन, आणि ताणाचा आकडा पेनने त्यावरच लिहायचा. मशीनला तेल घातल्यावर दाबपट्टीखाली सुती तुकडा रात्रभर ठेवला तर जादा तेल तो पितो, सकाळी कापडाला डाग नाही.

बारीक चुरा बसकरात जातो. यंत्राच्या सुयांनी ठोकून तंतू एकमेकांत गुंतवलेलं बॅटिंग कापसासारखं पिंजलं जात नाही, म्हणून अर्ध्या इंचाचे तुकडे कापावेत, मोठे राहिले तर बसताना टोचतात. 16 इंची बसकराला सुती चुरा पाऊण किलोच्या आसपास लागतो. चार-चार इंचांवर आरपार टाके घेतले नाहीत तर सगळा माल कडेला सरकतो. आतली पिशवी वेगळी शिवावी, धुवायची फक्त खोळ. आतला सुती चुरा आपल्या पावसाळ्यात वाळतच नाही. तान्ह्या बाळाच्या उशीत हा चुरा घालू नये. शिवण उसवली की तो थेट तोंडात जातो.

टाचण्यांच्या उशीला पॉलिस्टर घ्यावं. सुती ओल ओढतं आणि टाचण्या गंजतात.

उघडीप मिळाली की सुती पोतं दिवसभर उन्हात पसरायचं आणि पूर्ण गार झाल्यावर कापडी पिशवीत भरायचं. प्लॅस्टिकमध्ये आतल्या आत घाम येतो, आणि ओल आली की कसर लागते. पॉलिस्टरची पिशवी कुठेही टांगली तरी चालते, फक्त देवघराच्या समईपासून आणि चुलीपासून लांब.