रगडा कोणाचा

मे संपत आलेला, आभाळ भरून येतं पण पाऊस काही पडत नाही असा घामट दिवस, आणि मी गोव्यात, फोंड्याच्या पुढे एका कुळागरातल्या (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या) घरी ओसरीवर वही उघडून बसलेले. काम काय, तर घरातल्या सामानाची यादी करायची. मी ज्यांच्या हाताखाली वकिली करते ते सिनियर म्हणाले तासाभराचं काम आहे, तू एकटीच जा. सिनियरचं तासाभराचं काम असलं की डबा बरोबर घ्यायचा, हे मला तीन वर्षांत कळलंय.

केस थोडक्यात सांगते (ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्यात). वडील वर्षभरापूर्वी गेले. मृत्युपत्र नोटरीकडे रीतसर केलेलं, एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारे, म्हणून मुलगा (भाई) आणि मुलगी (ताई) दोघांची नावं, वर एक खास ओळ की सगळे व्यवहार दोघांच्या सहीनेच व्हावेत. बापाला वाटलं असणार की सही एकत्र करायची म्हटली की पोरं एकत्र बसतील. पोरं एकत्र बसली ती फक्त आमच्या ऑफिसात, ते पण मधली खुर्ची रिकामी ठेवून.

भांडण कशावरून म्हणाल तर माळ्यावरच्या सुपारीवरून. वाळवून, सोलून, पोत्यांत भरून ठेवलेली, भाई म्हणतो पावसाच्या आधी विकून टाकू नाहीतर दमट हवेत बुरशी लागेल, ताई म्हणते थांबू, दर वाढेल, आणि मडगावला बसून तिला संशय असा की हा वजनात काहीतरी करणार. दोघांची सही एका कागदावर येत नाही म्हणून पोती तशीच. पाडेल्याची, म्हणजे नारळ पाडणाऱ्याची, मजुरी थकलेली, तो यायचा बंद झाला, नारळ आपल्या मर्जीने खाली पडतायत, मी गाडी लावली तिथून हातभर अंतरावर एक धप्पकन पडला. वीजबिलही सहीअभावी दोनदा लेट. दोघंही मला रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप करणार, ‘वकीलबाय, त्याला सांगा’, ‘वकीलबाय, तिला समजावा’.

त्या दिवशी ताई दोन प्रिंटआऊट घेऊन आलेली. म्हणे ठाण्याचा फ्लॅट बाबांनी माझ्या नावे लिहिलाय, तो गोव्याबाहेर आहे, तो यात धरायचाच नाही. हे मी आधी दोनदा सांगितलेलं, तिसऱ्यांदा सांगितलं की २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय, गोव्यातल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ता असली तरी वारशाला आपलाच कायदा लागतो, तो १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, जो इथे १८७० पासून चालू आहे. आता वारशापुरतं २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे पण गाभा तोच. भाई लगेच खूश, ‘ऐकलंस?’ मग मला त्याचीही हवा काढावी लागली, कारण त्याचा समज असा की मुलगा म्हणून कुळागर त्याचंच.

हा हिशोब मी नेहमी आण्यांत सांगते, टक्क्यांत सांगितलं की लोक कॅल्क्युलेटर काढतात आणि भांडण वाढतं. सगळी इस्टेट सोळा आणे धरा. इथल्या लग्नात, वेगळा करार केला नसेल तर, सगळं नवराबायकोचं सामायिक, म्हणजे आठ आणे आईचे. उरलेल्या आठातले चार मुलांसाठी राखीव, मुलगा दोन मुलगी दोन, त्याला बापसुद्धा हात लावू शकत नाही. राहिले चार. मृत्युपत्र चालतं ते या चार आण्यांवर. कोर्टाच्या कागदाला जोडायला मी हेच चौकटी आखून वहीत काढलेलं, ते दोघांसमोर ठेवलं. वहिनी आणि भावोजी पण वाकून बघायला लागले, आणि ते बघणारच, कारण सामायिक लग्नात वारशाने आलेलंही त्यांच्यात जातं, विक्रीच्या कागदावर त्यांचीही सही लागते. चौघंजण चार आण्यांकडे बघतायत, आठ आण्यांच्या चौकटीकडे कोणाचं लक्षच नाही.

मग यादी सुरू झाली. समई, तांब्याचं भाणं, पलंग, टीव्ही, मिक्सर. मागच्या पडवीत रगडा, वाटण वाटायचा. काळा दगड, मधला खळगा घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यात पाणी ठेवलं तर आरशासारखं दिसेल. ताई म्हणाली हा मी नेणार. भाई म्हणाला घरचा दगड घराबाहेर जाणार नाही. ताई म्हणाली तुझी बायको मिक्सरवर वाटते. वहिनीने तोंड उघडलं आणि पुढची दहा मिनिटं मी लिहिणार नाही. खरं सांगू, तो रगडा दोघंही घरी नेऊन कुंडी ठेवायचेच.

एवढ्यात आतून आई आली. ऐंशीच्या आसपासची बाई, वर्षभर आमच्या ऑफिसात एकदाही आलेली नाही, कोणी आणलीच नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘रगडो म्हज्या आवयन दिल्लो. हांव अजून जिती आसां. म्हाका कोणे विचारलें?’ (रगडा माझ्या आईने दिलेला. मी अजून जिवंत आहे. मला कोणी विचारलं?)

कोणी काही बोललं नाही. कायद्याने बघायला गेलं तर माहेरून आलेला असला तरी तो बहुतेक सामायिकच धरावा लागेल, हे माझ्या डोक्यात आलं होतं, पण तोंडातून काढलं नाही. मी वही आईसमोर नेली आणि आठ आण्यांच्या चौकटीवर बोट ठेवून म्हटलं, हे तुमचं. तिने चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, पाडेल्याचे किती द्यायचेत?

मला आमच्या ऑफिसची पण लाज वाटली. इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या कामात, इस्टेटीचा कारभार बघायला आधी हयात जोडीदाराचा विचार होतो, हे आम्ही सांगायला पाहिजे होतं, आम्ही मात्र मृत्युपत्रावरची दोन नावं बघून वर्षभर त्याच दोघांत खेळत बसलो.

पुढचं अर्ध्या तासात झालं. सुपारी त्याच आठवड्यात विकायची, वजनाला ताईचा नवरा आणि भाई दोघं उभे राहणार, पावतीचा फोटो त्याच मिनिटाला सगळ्यांना. पैसे वेगळ्या खात्यात, आधी पाडेली, मग वीज, बाकीचं वाटणी होईपर्यंत कोणी काढायचं नाही. एवढं एका पानावर लिहून घेतलं, दोघांनी सह्या केल्या, तिसरी सही आईची, थरथरत्या हाताने पण पूर्ण नाव. घर आणि फ्लॅट कोणाकडे हे अजून बाकीच आहे, ते कोर्टात किंमत धरून आणि गरज पडली तर आपसात बोली लावून सुटेल, तिथे परत भांडतील, मला खात्री आहे.

निघताना आईने पिशवीत चार असोले (न सोललेले) नारळ घातले, आपोआप पडलेल्यांतले. यादीत एकतीस वस्तू झाल्या. रगडा त्यात नाहीये, आणि सिनियरना मी अजून सांगितलेलं नाही.